वर्ध्याचा मुलगा, मेक्सिकोचा कृषिशास्त्रज्ञ : डॉ. पांडुरंग खानखोजे



पावसाळ्याच्या दिवसांत एटापल्लीहून कोणत्याही गावाच्या वाटेने निघा. माडिया आणि गोंड बांधवांच्या घरामागील वाडीत मक्याची ताटे उभी असलेली दिसतील. भाजलेले कणीस तर तुम्ही आम्ही सर्वांनीच खाल्लेले आहे. परंतु हा मका मूळचा आपल्या जंगलातला नाही, हिंदुस्थानातलाही नाही. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिको देशातील शेतकऱ्यांनी एका रानगवतापासून तो तयार केला आणि पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर तो इकडे आला. आता गंमत पाहा. ज्या देशाने जगाला मका दिला, त्याच देशात जाऊन तेथील शेतकऱ्यांना मक्याचे सुधारलेले वाण करून देणारा आणि मका कसा लावावा हे त्यांच्या बांधावर बसून शिकवणारा एक प्राध्यापक होऊन गेला. तो आपल्या वर्ध्याचा होता. त्याचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

ते तेथे हौसेने गेले नव्हते, नोकरीच्या जाहिरातीला अर्ज करूनही गेले नव्हते. मायदेशाची दारे इंग्रज सरकारने बंद केली होती आणि युरोपातूनही हद्दपारीची भीती होती. आजच्या भाषेत सांगायचे तर ते निर्वासित होते. म्हणूनच या स्मरणिकेत त्यांचे चरित्र सांगावेसे वाटले.

निर्वासिताला आपल्या परंपरेत एक मानाचे नाव आहे, मुहाजिर. मक्का सोडून मदिनेला आलेल्या मुहाजिरांची हकीकत तुम्ही मक्तबात ऐकली असेल. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) सर्व काही मागे टाकून मदिनेला पोहोचले, तेव्हा तेथील अन्सारी बांधव हजरत साद बिन रबी (रजि.) यांनी त्यांना आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ दिली, मालमत्ता घेतली नाही. फक्त बाजाराचा रस्ता विचारला. बाजारात जाऊन चीज आणि तूप यांचा व्यापार सुरू केला आणि पुढे त्यांची गणना मदिनेच्या मोठ्या व्यापाऱ्यांत झाली. दूर कशाला, आपल्या शेजारच्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांतही हे दिसते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना सरकारने साठीच्या दशकात तेथे वसवले. ती माणसे सामान फार घेऊन आली नव्हती. धानाची आणि मासळीची जाण मात्र घेऊन आली होती, आणि तिच्याच बळावर त्यांची गावे उभी राहिली.

खानखोजे काय घेऊन गेले, हा या लेखाचा विषय आहे.

त्यांचा जन्म १८८० नंतरच्या दशकातला. प्राथमिक शिक्षण वर्ध्याला आणि पुढचे नागपूरला झाले. वऱ्हाड-नागपूरकडे त्या काळी लोकमान्य टिळकांचा शब्द तरुणांना मंत्रासारखा वाटे. खानखोज्यांच्या मनाने घेतले की, इंग्रजाला घालवायचे तर लष्करी शिक्षण पाहिजे आणि ते हिंदुस्थानात मिळणार नाही. टिळकांनी त्यांना जपानकडे बोट दाखवले. आशियातील एका राष्ट्राने युरोपीय सत्तेला रणांगणात हरवले होते, तो काळ ताजा होता. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात हा तरुण बोटीत बसला. घरच्यांना त्याचे दर्शन पुन्हा होण्यास जवळजवळ चार दशके लागणार होती.

जपानमध्ये काही काळ राहून ते अमेरिकेला गेले. तेथे त्यांनी शेतकी विषयात नाव घातले, पण वर्षभराने कॅलिफोर्नियातील माउंट तामालपाइस या लष्करी शाळेत दाखल झाले, कारण घरून निघताना ठरवलेले काम ते होते. पुस्तक दुय्यम आणि बंदूक पहिली, असा त्यांच्या मनाचा त्या वेळचा हिशेब असावा. तरीही त्यांनी शेतकी सोडली नाही, हे विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावे. वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथील महाविद्यालयातून १९१३ साली त्यांनी शेतकीची पदवी घेतली. त्या पदवीचा पुढे काय उपयोग होणार आहे याची त्यांना तेव्हा कल्पनाही नसेल.

त्या काळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हिंदी लोक होते ते बहुतेक पंजाबचे. शीख, मुसलमान आणि थोडे हिंदू. ते शेतांवर, रेल्वेच्या कामावर आणि लाकडाच्या गिरण्यांत राबत. आलापल्लीच्या लाकूड डेपोत ज्यांनी ओंडक्यांची उचल पाहिली आहे त्यांना हे काम कसले असते ते सांगायला नको. गोरे मजूर त्यांच्यावर चिडून असत, कारण हे लोक कमी मजुरीत काम करतात अशी त्यांची तक्रार होती. १९०७ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम या गावी गोऱ्यांच्या जमावाने गिरणीतल्या हिंदी मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हाकलले. परक्या मुलखात रोजी मिळते, पण तिच्यावर आपला हक्क आहे असे कोणी मानीत नाही, हे या मजुरांना त्या दिवशी समजले. आपल्यामागे उभे राहील असे स्वतःचे सरकार असते तर ही वेळ आली नसती, हेही समजले.

याच मजुरांतून १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला. सोहनसिंग भकना अध्यक्ष होते, लाला हरदयाळ चिटणीस. खानखोजे संस्थापकांपैकी एक होते आणि लष्करी बाजू त्यांच्याकडे होती. आपल्या वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे : या पक्षाचे गदर हे पत्र १ नोव्हेंबर १९१३ रोजी प्रथम निघाले ते उर्दूतून. गुरुमुखी आवृत्ती त्यानंतर आली. पुढच्या वर्षी टोकियोहून मौलाना बरकतुल्ला भोपाळी तेथे येऊन दाखल झाले. वर्ध्याचा मराठी तरुण, भोपाळचा आलिम आणि पंजाबचा शीख गिरणी कामगार एका खोलीत बसून उर्दू पत्राचा मजकूर ठरवीत आहेत, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. आज कोणी तुम्हाला सांगू लागले की आपण कधी एकत्र नव्हतोच, तर ही खोली आठवा.

महायुद्ध सुरू झाले आणि खानखोजे तुर्कस्तानमार्गे इराणात शिरले. इंग्रजांच्या हिंदी फौजेतील शिपायांना फोडायचे आणि बलुचिस्तानच्या बाजूने हिंदुस्थानच्या सरहद्दीवर धडक द्यायची, असा बेत होता. मुरादाबादचे सूफी अंबाप्रसाद या कामी त्यांच्याबरोबर होते. नावात सूफी असलेले हे गृहस्थ जन्माने हिंदू. त्यांचा शेवट शिराझमध्ये झाला. बेत फसला. इंग्रजांची फौज भारी पडली आणि उरलेले क्रांतिकारक इराणी बंडखोरांच्या आश्रयाने १९१९ पर्यंत डोंगरात लढत राहिले. या लढायांचे वर्णन येथे लांबवीत नाही. धाडसाच्या कथा वाचायला बऱ्या वाटतात, पण खानखोज्यांच्या आयुष्याचा मोठा भाग त्यात नाही. नंतर ते युरोपात आले. १९२१ साली हिंदी क्रांतिकारकांच्या एका मंडळाबरोबर मॉस्कोला गेले आणि लेनिनलाही भेटले. हाती काही लागले नाही.

आता त्यांची अवस्था पाहा. वय चाळिशीच्या आसपास. घर नाही, संसार नाही. ज्या कामासाठी देश सोडला ते काम मोडले. इंग्रजांच्या यादीत नाव असल्याने परत जाणे म्हणजे तुरुंग. माफी मागून परतण्याची वाट काहींनी घेतली असती. खानखोज्यांनी ती आयुष्यात कधी घेतली नाही. अशा माणसाला आसरा कोण देणार? आणि आसरा मिळाला तरी पोट कशावर भरणार?

येथे मौलाना बरकतुल्लांचे उदाहरण मुद्दाम देतो. ते अरबी, फारसी आणि उर्दूचे मोठे पंडित. टोकियोच्या परकीय भाषांच्या विद्यालयात १९०९ पासून ते हिंदुस्थानी भाषा शिकवीत. परंतु इंग्रजांनी जपानवर दडपण आणले आणि १९१४ साली त्यांची नोकरी गेली. पुढे १९१५ मध्ये काबूलला स्थापन झालेल्या हंगामी सरकारचे ते पंतप्रधान झाले. पद मोठे, पण त्यातून घर चालत नसते. १९२७ साली सान फ्रान्सिस्को येथे ते वारले आणि कॅलिफोर्नियातच सॅक्रामेंटो येथे त्यांना दफन केले गेले. भोपाळच्या विद्यापीठाला १९८८ साली त्यांचे नाव मिळाले. विद्वत्तेत ते कोणाहून कमी नव्हते. मात्र परक्या सरकारला त्यांच्या विद्येची निकड नव्हती, आणि निकड नसली की माणसाला काढून टाकणे सोपे जाते.

खानखोज्यांच्या बाबतीत वेगळे घडले. अमेरिकेत असताना मेक्सिकोतील क्रांतिकारकांशी आणि शेतमजुरांशी त्यांची ओळख झाली होती. १९१० च्या क्रांतीने मेक्सिकोत हुकूमशहाची राजवट उलथली होती आणि १९१७ च्या राज्यघटनेने मोठ्या जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांच्या गावांना देण्याची तरतूद केली होती. १९२४ साली खानखोजे मेक्सिकोत उतरले. त्यांच्याआधी १९१७ मध्ये मानवेंद्रनाथ रॉयही याच देशात येऊन राहिले होते, पण ते राजकारणात रमले आणि १९१९ मध्ये तेथे साम्यवादी पक्ष काढून पुढे निघून गेले. खानखोजे मात्र मुळे धरून राहिले.

जमीन वाटली म्हणून पीक येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराच्या वाड्यावर राबलेल्या माणसाला स्वतःचे बियाणे निवडण्याची, खताचा हिशेब करण्याची सवय नसते. त्या सरकारला नेमकी अशीच माणसे पाहिजे होती, जी शेतकी शिकलेली आहेत आणि शेतकऱ्याजवळ बसायला लाजत नाहीत. राजधानीजवळ चापिंगो येथे एका जुन्या जमीनदारी वाड्यात राष्ट्रीय शेतकी विद्यालय नुकतेच हलवले होते. तेथे खानखोजे प्राध्यापक झाले. पुलमनची ती अकरा वर्षांपूर्वीची पदवी आता कामाला आली. शिकवायचे होते ते स्पॅनिश भाषेतून. चाळिशीत परकी भाषा आत्मसात करून तिच्यात वर्ग घेणे म्हणजे काय, हे माडिया बोलणाऱ्या मुलांना मराठीतून शिकवणाऱ्या आपल्या शिक्षकांना विचारा.

त्यांनी मका, गहू, कडधान्ये आणि रबर यांवर संशोधन केले, पण त्यांचा जीव मक्यात होता. चापिंगोचा परिसर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे. पाऊस बेभरवशाचा आणि दाणा भरण्याच्या वेळी दहिवर पडून पीक जळायचे. तेव्हा थंडी आणि दुष्काळ सोसणारा मका पाहिजे. तो कसा करतात? मक्याच्या ताटाच्या टोकाला तुरा येतो, तो नर. मधल्या पेरावर कणसातून रेशमासारखे केस निघतात, ती मादी. वाऱ्याने एका ताटाचा पराग दुसऱ्याच्या केसांवर पडतो आणि दाणे धरतात. त्यामुळे शेजारच्या शेतातल्या हलक्या मक्याचा पराग उडून आला की तुमचे चांगले वाण बिघडलेच. म्हणून संशोधक कणसावर आणि तुऱ्यावर पिशव्या बांधतो, हवा तोच पराग हव्या त्याच कणसावर आपल्या हाताने झटकतो, दाणे वेगळे ठेवतो, पुढच्या हंगामात पेरतो, त्यातली निवडक झाडे ठेवून बाकीची टाकून देतो. असे वर्षामागून वर्ष. मक्याचा रानटी पूर्वज तेओसिंते या नावाने तेथे ओळखला जातो. त्याच्याशी शेतातल्या मक्याचा संकर करण्याचे प्रयोगही खानखोज्यांनी केले. आपल्या एका वाणाला त्यांनी ग्रानादा, म्हणजे डाळिंब, असे नाव दिले.

हे काम शांत डोक्याचे आहे. ज्याने इराणच्या डोंगरात घोड्यावरून लढाई केली, त्याने भर उन्हात कणसांना कागदी पिशव्या बांधीत बसावे, हे काहींना उतरते वाटेल. मला तसे वाटत नाही.

पण विद्यालयात बसून तयार केलेले बियाणे विद्यालयातच राहते, हा अनुभव जगभरचा आहे. म्हणून विसाव्या दशकाच्या अखेरीस खानखोजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त शेतकी शाळा सुरू केल्या. परीक्षा आणि प्रवेशाची अट नसलेल्या, खेड्यातच भरणाऱ्या शाळा. त्यातल्या एकीला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो झापाता याचे नाव होते. झापाता म्हणजे ज्याने जमिनीसाठी लढता लढता १९१९ मध्ये प्राण गमावले. अंगावर घोंगडी, डोक्यावर गवती टोपी घातलेले प्रौढ शेतकरी येथे बियाणे ओळखायला आणि शेतीचा हिशेब ठेवायला शिकले. इटलीहून आलेली छायाचित्रकार तीना मोदोत्ती हिने या शाळांची आणि खानखोज्यांच्या मक्याची छायाचित्रे काढली, ती आजही पाहायला मिळतात. ही बाईदेखील परकीच. १९३० साली मेक्सिको सरकारने तिला राजकीय कारणावरून देशाबाहेर घालवले. तेव्हा मेक्सिकोने सर्वांनाच पदरात घेतले असे समजू नका. आसऱ्याचा देशही आपले गणित पाहतो, ते सरकार बदलले की बदलते.

प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांच्याशी खानखोज्यांचा स्नेह होता. रिवेरांनी मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीच भिंती रंगवून काढल्या आहेत. त्यांतील आपली भाकर या आशयाच्या चित्रात मेजाभोवती कष्टकरी माणसे बसली आहेत आणि मधोमध बसलेला माणूस भाकर मोडून देत आहे. त्याचा चेहरा खानखोज्यांचा आहे, असे त्यांचे चरित्र सांगणारे लिहितात. विदर्भातल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

१९३६ साली त्यांनी जीन सिंदिक या बेल्जियन युवतीशी मेक्सिकोत विवाह केला. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. नावांवरून घरात कोणता देश जपला जात होता ते दिसते. सावित्रीबाईंनी पुढे वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले आणि मराठीत वीणा गवाणकरांनी लिहिले. विद्यार्थ्यांनी ते मिळवून अवश्य वाचावे.

त्याच सुमारास मेक्सिकोत निर्वासितांची आणखी मोठी लाट आली. स्पेनमधील यादवी युद्धात लोकसत्ताक पक्ष हरला आणि १९३९ पासून हजारो स्पॅनिश माणसे बोटी भरून तेथे उतरली. त्यांत प्राध्यापक, डॉक्टर, छापखान्याचे जाणकार पुष्कळ होते. राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांनी विद्वानांसाठी एक संस्थाच काढून दिली. तीच पुढे मेक्सिकोतील नामांकित उच्चशिक्षण संस्था झाली. खानखोज्यांच्या मागे मात्र असा हजारोंचा समूह नव्हता. आपल्या भाषेत बोलायला, आपल्या पद्धतीने सण साजरा करायला माणूस नव्हता. एकट्याने परका देश आपला करून घेणे आणि समूहाने करून घेणे यांत फार अंतर आहे. आपली मुले हैदराबादला, मुंबईला किंवा आखाती देशांत कामाला जातात तेव्हा एका खोलीत दहा जण राहतात, त्या अडचणीत एक आधारही असतो, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. आता दार उघडेल असे कोणालाही वाटेल. परंतु इंग्रज गेले, त्यांच्या याद्या कपाटात राहिल्या. ज्याने स्वातंत्र्यासाठी देश सोडला, त्यालाच स्वतंत्र हिंदुस्थानात येण्याचा परवाना सुरुवातीला नाकारला गेला, कारण बंदी घातलेल्यांच्या जुन्या यादीत त्याचे नाव तसेच होते! कागदाचा हा गुण आपल्या भागातील जमिनीच्या पट्ट्यांसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. अखेर अडचण दूर झाली आणि खानखोजे कुटुंबासह नागपूरला येऊन राहिले.

नागपुरात त्यांनी सार्वजनिक कामात भाग घेतला. पण मेक्सिकोत ज्यांच्या नावाने शेतकरी टोपी काढीत, त्यांना येथे ओळखणारे थोडे होते. एक पूर्ण पिढी मध्ये गेली होती. परदेशात निर्वासित म्हणून उतरलेल्या माणसाला तेथे काम सापडले, आणि परत आल्यावर स्वतःच्या गावात स्वतःची ओळख सांगावी लागली. याचा दोष कोणाला द्यावा हे मला कळत नाही, पण ही गोष्ट मनाला लागते.

आता गव्हाविषयी थोडे. १९४३ मध्ये मेक्सिकोत अमेरिकेच्या मदतीने अन्नधान्य संशोधनाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याची शेते चापिंगोलाच होती. १९४४ मध्ये नॉर्मन बोरलॉग तेथे आले आणि बुटक्या, ताठ उभ्या राहणाऱ्या गव्हाचे वाण निघाले. ते गहू बोरलॉग यांचे, खानखोज्यांचे नव्हेत. कोणी तसे म्हणत असेल तर ते अतिशयोक्तीचे आहे. खानखोज्यांचे श्रेय इतके की, शास्त्राने काढलेले बियाणे घ्यावे आणि पेरून पाहावे ही सवय ज्यांनी त्या मातीत आधी रुजवली, त्यांच्यात ते होते. १९६६ साली दुष्काळाने गांजलेल्या भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे बोटीने आणवले. पंजाबात त्याने काय घडवले हे तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे.

ते बियाणे आले तेव्हा खानखोजे नागपुरात हयात होते. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. चापिंगोच्या विद्यालयाचे आता विद्यापीठ झाले आहे. २०२२ साली तेथे त्यांचा पुतळा बसवण्यात आला आणि त्याच्या अनावरणासाठी भारताच्या लोकसभेचे अध्यक्ष मेक्सिकोला गेले होते.